गेरूचे हात

डोळ्याचं ऑपरेशन करून मिस्त्री शुक्रवारी सकाळी घरी आला आणि उंबऱ्यातच थबकला. काळा गॉगल कपाळावर चढवून त्याने दाराच्या चौकटीकडे बघितलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"वाकडी आहे," तो म्हणाला. "सूतभर. कुणी बसवली ही?"

"तुम्हीच," मागून पिशवी घेऊन येणारा मुलगा म्हणाला. "आत चला आता."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चाळीस वर्षं मिस्त्रीने गावातल्या प्रत्येक दारात, खिडकीत, पाटात सूतभर काहीतरी कमी नाहीतर जास्त काढलं होतं. लोक त्याला तोंडावर मिस्त्री म्हणायचे आणि पाठ वळली की सूतभर. त्यालाही ते ठाऊक होतं. नाव काही वाईट नव्हतं, त्यापेक्षा वाईट नावं गावात वाटली गेली होती.

मागची दोन वर्षं मात्र त्याला सूत सोडा, फूटसुद्धा दिसत नव्हता. सगळं ताकातून बघितल्यासारखं. रंधा हाताच्या सवयीने चालायचा, सांधे बोटांनी चाचपून बसायचे. शेवटी लेकीने ओढून आपल्या गावी नेलं, डोळा करवून घेतला, बारा दिवस ठेवून घेतलं आणि आता परत पाठवलं. सोबत थेंबांची बाटली आणि डॉक्टरांचा हुकूम. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही, गॉगल काढायचा नाही.

सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं आणि बघतच राहिला. पोरीच्या नखांत निळा रंग होता. कोपराला निळा, कानामागे निळा. डोळ्यांखाली काळं.

"किती वाळलीस ग," तो म्हणाला.

"मी होते तशीच आहे बाबा. तुम्हाला आता दिसतंय."

चहा होईस्तोवर मुलाने सगळं कानावर घातलं. तो डेअरीत कारकून. कपडे इस्त्रीचे, पँट पांढरी, बोलणं पावतीसारखं. "उद्या चार वाजता गेस्टहाऊसवाल्या बाई येणार. कपाट आणि आठ खुर्च्या बघणार. पसंत पडलं तर दहा खोल्यांचं काम हिला. नाही पडलं तर शेड फरशीवाल्याला. गोडाऊन हवंय त्याला. मी शब्द दिलाय."

"कुणाला शब्द दिलायस? फरशीवाल्याला की बायकोला?"

"दोघांना," मुलगा म्हणाला आणि चहात बघायला लागला.

मागच्या अंगणातली पत्र्याची शेड मिस्त्रीने स्वतः उभी केली होती. तयार कपाटं गाडीतून यायला लागली तशी गिऱ्हाइकं आटली, आणि शेडमध्ये मोडक्या खुर्च्या साठल्या. त्या मोडक्या खुर्च्यांनाच सुनेने वर्षभरापूर्वी हात घातला. मोबाईलवर बघून बघून शिकली. जुनं लाकूड घासायचं, गावाकडच्या घरात असतात तसे फिके मातट रंग द्यायचे, आणि शहरातून येणारी माणसं ते घेऊन जायची. आधी चार पाट, मग एक स्टूल, मग एक पाळणा. मिस्त्रीला पटलं नव्हतं. सागावर रंग म्हणजे सोन्याच्या बांगडीला कागद चिकटवणं. पण पोरीचा हात हलका होता, आणि शेडमध्ये परत ठोकाठोकी सुरू झाली होती. तो गप्प बसला. सांधे तो बसवायचा, रंग ती लावायची. बाईंनी मोबाईलवर चित्र पाठवलं तेव्हा मुलाने ते त्याच्या नाकापुढे धरलं होतं. त्याला एक निळा डाग दिसला होता. "छान आहे," असं म्हणून त्याने मान हलवली होती.

दहाच्या सुमाराला मुलगा डेअरीत गेला. सून बाजाराला निघाली. कपाटाला पितळी मुठी हव्या होत्या.

"शेडमध्ये जाऊ नका हं बाबा. धूळ आहे."

"नाही जात."

"खरं?"

"अग, मी काय लहान आहे?"

एस.टी.चा हॉर्न वळणावर वाजेपर्यंत मिस्त्रीने कळ काढली. मग चपला घातल्या.

आठ दिवस झड लागली होती. पत्र्यावर पाऊस एका सुरात बोलत होता, आणि शेडमध्ये सगळ्याला ओल सुटली होती. भुसासुद्धा ओला, पायाला चिकटणारा. मिस्त्रीने दार ढकललं आणि गॉगल काढला.

कपाट समोरच उभं होतं. बंद पडलेल्या दवाखान्यातलं, अस्सल साग, पुरुषभर उंच, खाली एक मोठा खण. जाण्याआधी त्याने स्वतः त्याचे सांधे खोलून पुन्हा बसवले होते. आता त्याला निळा रंग होता, धुऊन धुऊन विटलेल्या सदऱ्यासारखा. रंग सुरेख. पण काठाकाठाने तो उडाला होता! चारी कडांना, दारांच्या चौकटींना, खणाच्या ओठाला, सगळीकडे आतला तांबूस रंगाचा हात उघडा पडला होता. जुन्या खिळ्यांची भोकं तशीच उघडी. एवढं काम केलं पोरीने आणि भोकं बुजवायला विसरली?

मग त्याला टेबलावर मेणबत्त्यांची थोटकं दिसली. चार थोटकं, अर्धी अर्धी झिजलेली.

त्याच्या सगळं ध्यानात आलं. झडीत वीज गेली असणार. पोरीने मेणबत्तीच्या उजेडात रंग दिला, ओल पुरती सुकली नाही आणि काठाचा रंग सुटला. आता उद्यावर आलंय, नवऱ्याला सांगायची सोय नाही, म्हणून बिचारी गप्प. म्हणून तर डोळ्यांखाली काळं. म्हणून तर म्हणाली, शेडमध्ये जाऊ नका.

"वेडी कुठली," मिस्त्री कपाटालाच म्हणाला. "म्हातारा मेला होता का?"

निळ्या रंगाचा डबा कोपऱ्यात होता, तळाला दोन बोटं रंग. त्याने काडीने ढवळला. भोकं बुजवायला लांबी मळली. तोंडाला पंचा बांधला, धूळ नको म्हणून. डॉक्टरांचं तेवढं तरी ऐकायला हवं. वाकायचं नव्हतं, मग खाली बसूनच सरकत सरकत काम करू लागला.

आणि दिसत होतं! हे त्याला कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं. ब्रशचा एकेक केस दिसत होता. लाकडाच्या शिरा दिसत होत्या. भोकात लांबी दाबली की तिची कड दिसायची, ती बोटाने सपाट केली की कड गेलेलीही दिसायची. दोन वर्षं तो हे सगळं अंदाजाने करत होता आणि लोक म्हणत होते, मिस्त्रीचा हात अजून चालतो. हात चालत होता, हो. पण आंधळ्याने चाचपून जेवणं वेगळं आणि बघून जेवणं वेगळं. दुपारी तो जेवायचा राहिला. थेंबही राहिले. चारपर्यंत कपाटाची एकही कड उघडी उरली नव्हती. कारखान्यातून आल्यासारखं दिसत होतं. खुर्च्यांनाही तोच रोग होता, पण डबा संपला.

संध्याकाळी सून मुठींची पुडी घेऊन सरळ शेडकडे आली. मिस्त्री दारातच स्टुलावर बसला होता. गॉगल घातलेला, हाताची घडी, जावयासारखा.

"जा, बघ," तो म्हणाला. "कुठे उडालं होतं ते शोधून दाखव."

ती आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मिस्त्रीला वाटलं, पोरीला भरून आलं असेल. तो उठून आत गेला तर ती रंध्याच्या बाकावर बसली होती, पुडी मांडीवर.

"बाबा," ती म्हणाली, "ते उडालं नव्हतं. मी उडवलं होतं."

"म्हणजे?"

"मुद्दाम. जुनं, वापरलेलं दिसावं म्हणून. तांबूस हात सुकला की काठाला मेणबत्ती घासायची. वरून निळा द्यायचा. मेणावर रंग धरत नाही, घासला की निघतो. चार दिवस लागले मला. बाईंना तसंच हवंय. चित्रात तसंच आहे."

मिस्त्रीने मेणबत्तीच्या थोटकांकडे बघितलं. मग कपाटाकडे. मग पुन्हा थोटकांकडे.

"आणि भोकं?"

"भोकं पण ठेवायची होती."

चाळीस वर्षं माणसाने लोकांच्या वस्तूंवरची झीज काढायची, आणि शेवटी एक बाई यावी जिला झीज विकत हवी! त्याला हसावं की काय करावं कळेना. पण सून हसत नव्हती. ती नखातला निळा रंग दुसऱ्या नखाने काढत होती.

रात्रीच्या जेवणाला मुलगा जे बोलायचं ते बोलला. "बसा म्हटलं तर बसवत नाही यांना. डॉक्टर सांगतात, ही सांगते, मी सांगतो. आता बाईंना काय दाखवायचं? मी उद्या दुपारीच फरशीवाल्याला कळवतो. एकदाचं मिटेल."

"चार वाजायचेत अजून," सून म्हणाली.

"चारला काय होणार आहे? रंग तरी सुकलाय का?"

तिने ताटं उचलली. मग मुलाने बापाला खाटेवर आडवं केलं, हनुवटी धरून मान मागे केली आणि पापणी ओढून थेंब टाकला. "हलू नका. डोळा मिटा. मिटा म्हणतो ना." मिस्त्रीने याच पोराला असंच धरून काजळ घातलं होतं. तो हलला नाही. थेंब गालावरून कानात गेला तरी पुसला नाही.

सकाळी उजाडता उजाडता त्याला जाग आली. घर झोपलं होतं. पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात गेला आणि फडताळासमोर उभा राहिला.

हे फडताळ त्याने लग्नाच्या वर्षी केलं होतं. रोज बघितलेलं, म्हणजे कधीच न बघितलेलं. आज नव्या डोळ्याने बघितलं. डावं दार जवळजवळ कोरं होतं. उजव्या दाराची कड मात्र एका जागी झिजून गोल झाली होती. छातीच्या उंचीला नाही, त्याहून वीतभर खाली. त्याची बायको ठेंगणी होती. ओल्या हाताने दार ओढायची, मुठीला कधी हात लावला नाही तिने. खाली खणाच्या मधोमध एक गुळगुळीत वाटोळी जागा होती. हात भरलेले असले की ती गुडघ्याने खण लोटायची. फडताळाच्या पायांना केरसुणीचे वळ होते, तेही पुढच्याच पायांना. मागच्या पायांना काहीच नव्हतं. मागे केर काढते कोण?

तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. मिस्त्रीने त्या गोल कडेवर अंगठा ठेवला. बरोबर बसला.

मग तो सुनेच्या दाराशी जाऊन म्हणाला, "ऊठ ग. तुझं चुकलं होतं."

ती केस बांधत बाहेर आली. "माझं?"

"तुझंच. चारी कडा सारख्या घासल्या होत्यास. असं कुठलं कपाट झिजतं? वरची कड कशाने झिजेल? तिथे काय कबुतरं बसतात?"

"व्हिडिओत तसंच दाखवतात बाबा."

"व्हिडिओतल्या माणसाच्या घरी कपाट उघडतं कोण? इकडे ये. हे बघ." आणि त्याने तिला फडताळ दाखवलं. गुडघ्याची जागा, केरसुणीची जागा. त्या गोल कडेशी आल्यावर तो बाजूला सरकला. तिनेच हात लावून बघितला.

मग म्हणाली, "पण आपल्या कपाटाला कुठे झिजवायचं हे कळणार कसं?"

"कपाटालाच विचारू."

सुतार लाकडावर सरळ रेघ मारायला गेरूत भिजवलेली दोरी वापरतो. शेडच्या फळीवर गेरूचा डबा होता, तळाशी कोरडी लाल भुकटी. सुनेने आधी शेगडी पेटवून कपाटापुढे ठेवली. दहा वाजेपर्यंत पातळ निळा रंग सुकला. भोकांतली लांबी ओलीच होती, ती टोच्याने पटापट निघाली. मिस्त्री स्टुलावर बसून हुकूम सोडत होता. तोंडाला पंचा, डोळ्यांना गॉगल, दरोडेखोर दिसत होता नुसता.

"हाताला गेरू लाव. गुडघ्यालाही. हां. आता उघड."

तिने हळूच दार उघडलं.

"पाहुण्यासारखं नको! घाई आहे तुला. गॅसवर दूध आहे."

तिने दार ओढलं. आतून काहीतरी घेतल्यासारखं केलं, दार कोपराने लोटलं, खण गुडघ्याने बंद केला. दहादा केलं, वीसदा केलं. पहिल्यांदा लाजत होती. मग हसायला लागली, मग विसरूनच गेली. उतू जाणाऱ्या दुधाला शिव्या देत धावली, परत आली, दार आपटलं. शेजारची शिंपीण विरजण मागायला आली होती, तिलाही गेरू लावून उभं केलं. ती उंच होती, तिचा हात वर पडला. डेअरीतून अर्ध्या दिवसाने मुलगा आला, तो दारातच उभा.

"काय चाललंय हे?"

"हात पुढे कर," मिस्त्री म्हणाला.

"बाबा, मी—"

"पुरुषमाणूस कपाट कसं उघडतो ते हवंय. तुझ्या बायकोला येत नाही ते."

मुलाने बायकोकडे बघितलं. तिच्या कपाळावर लाल पट्टा आला होता आणि ती कमरेवर हात ठेवून वाट बघत होती. त्याने बाह्या दुमडल्या. कपाट उघडलं, आत बघितलं, काय हवं होतं ते विसरल्यासारखा दार धरून नुसता उभा राहिला, आणि दार उघडं टाकून निघाला.

"अगदी घरच्यासारखं," सून म्हणाली. शिंपीण खाली बसून हसली.

दीड वाजता कपाटावर गेरूचा नकाशा उमटला होता. जिथे तीनचार हात एकावर एक पडले तिथे गडद, जिथे एखादाच तिथे फिका. वरची कड कोरी. डावं दार जवळजवळ कोरं. सुनेने बारीक पॉलिश पेपर घेतला. जिथे गेरू गडद तिथे जास्त घासायचं, जिथे फिका तिथे हात फिरवून सोडून द्यायचं, जिथे नाही तिथे हात लावायचा नाही. मिस्त्री बोटाने दाखवत होता. पण तिसऱ्या जागेनंतर त्याने बोट खाली घेतलं. दाखवायची गरज उरली नव्हती.

बाई चारला पाच कमी असताना आल्या. अंगाने भरलेल्या, छत्री मिटवत, बोलायच्या आधी बघणाऱ्या. त्यांनी मोबाईल काढला, चित्र बघितलं, कपाट बघितलं, आणि मोबाईल पर्समध्ये ठेवून दिला. कपाटाजवळ गेल्या. पितळी मूठ चकचकीत होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. हात आपोआप मुठीच्या वर, त्या झिजलेल्या जागेवर गेला. दार उघडलं. आत डोकावल्या. एका हातात पर्स, एका हातात छत्री, त्यांनी खण गुडघ्याने बंद केला.

सुनेने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने पत्र्याकडे बघितलं.

"कुणाच्या स्वयंपाकघरातलं आहे हे?" बाईंनी विचारलं.

मुलगा पटकन म्हणाला, "जुन्या घराण्यातलं—"

"दवाखान्यातलं आहे," मिस्त्री म्हणाला. "स्वयंपाकघर त्याने आयुष्यात बघितलेलं नाही."

"मग हे झिजलं कधी?"

"आज. सकाळी दहा ते दीड."

आणि त्याने सगळं सांगितलं. मेणबत्त्या, स्वतःचा पराक्रम, फडताळ, गेरू. काही लपवलं नाही. मुलगा कपाळाला हात लावून उभा होता. बाई ऐकत होत्या आणि त्यांचा अंगठा दाराच्या कडेवर मागेपुढे फिरत होता. मग त्या खुर्च्यांकडे वळल्या. आठ खुर्च्या, आठही चारी बाजूंनी सारख्या घासलेल्या.

"आणि या? या तर उंदरांनी मापं घेऊन कुरतडल्यासारख्या दिसतायत."

मिस्त्रीने तोंड उघडलं, पण सून पुढे झाली.

"त्यांच्यावर अजून कुणी बसलेलं नाही," ती म्हणाली. "आठ दिवस द्या. पुन्हा रंगवते, आणि बसवते."

"कुणाला बसवणार?"

"अख्ख्या गावाला."

बाई हसल्या. पर्समधून घडी घातलेला कागद काढून त्यांनी तो तिच्या हातात दिला. "ही दहा खोल्यांची यादी. कपाट उद्या टेम्पो येऊन नेईल. खुर्च्या पुढच्या शनिवारी. आणि एक खुर्ची माझ्यासाठी ठेवा. मी स्वतः येऊन बसेन." जाता जाता त्या थांबल्या, मिस्त्रीला म्हणाल्या, "मूठ थोडी वाकडी आहे का हो?"

"सूतभर," मिस्त्री म्हणाला. "लक्षात आहे माझ्या."

गाडी गेली. सून यादी उलगडून उभी होती, तोंडातल्या तोंडात वाचत होती. दहा पलंग, दहा टेबलं, वीस स्टुलं. मुलगा शेजारच्या खुर्चीवर टेकला, पुढे झुकला, मागे रेलला.

"दहा खोल्या," तो म्हणाला. "म्हणजे शेड पुरायची नाही. बाजूला एक पडवी काढावी लागेल. पत्रे आहेत मागे पडलेले. बाबा, पडवी निघेल ना?"

"निघेल."

"आणि फरशीवाल्याला काय सांगू?"

"सांग, जागा रिकामी नाही. आजच सांग. ताटकळत ठेवू नये माणसाला."

"हो. आत्ताच जातो. चौकातच असेल तो, सगळी मंडळी असतात या वेळेला."

तो उठला, बाह्या सारख्या केल्या, केसांवरून हात फिरवला आणि ताठ चालीने अंगणातून निघाला. सुनेने यादीतून वर बघितलं. त्याच्या पांढऱ्या इस्त्रीच्या पँटवर मागे दोन लालभडक गोळे उमटले होते.

तिने हाक मारायला तोंड उघडलं. मग तिची नजर खुर्चीवर गेली, खुर्चीवरून सासऱ्याच्या लाल तळहातांवर गेली.

"बाबा! कधी लावलात?"

"बाई यादी काढत होत्या तेव्हा." मिस्त्रीने गॉगल कपाळावर चढवला. मुलगा फाटकातून बाहेर पडेपर्यंत तो एक डोळा बारीक करून नीट बघत राहिला. "डावीकडे जास्त रेलतो तो. खुर्चीची डावी बाजू घास."